वढवाण्याचे हंस आणि वाऱ्याची दिशा

हिवाळा लागला की बडोद्यातले बरेच कॅमेरेवाले रविवारी पहाटे डभोई रोडला लागतात आणि जवळजवळ सगळे एकाच जागी जातात, वढवाण्याला. मीही जाते. शहरापासून पन्नासेक किलोमीटर असेल. १९०९-१० च्या सुमारास, सयाजीराव महाराजांच्या काळात, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव आहे हा, २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आला. माझी आत्या दर वेळी विचारते, "अगं तेच तळं, तेच पक्षी, कंटाळा नाही का येत तुला?" नाही येत. खरं सांगायचं तर नवीन जागी गेले की मला काही सुचतच नाही, नुसती भिरभिरते आणि हजार फोटो काढून परत येते, आणि इथे मात्र दर वेळी काहीतरी डोक्यात घेऊनच जाते, कारण मागच्या वेळी काहीतरी अर्धवट दिसलेलं असतं. इन्स्पिरेशन म्हणतात ते माझ्या बाबतीत तरी असंच येतं, बसून बसून.

आता बसायचं म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं पेशन्स म्हणजे थर्मास घेऊन गप्प बसणं. तसं नाहीये हो! डोकं सतत चालू असतं.

वढवाण्याची खरी शान म्हणजे पट्टकादंब, तो राखाडी हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालीये. इतक्या लांबून आलेला पक्षी इथे मात्र दिवसा काठावर तासन्‌तास मान पाठीत खुपसून झोपतो. नवीन माणूस दहा मिनिटांत वैतागतो. पण नीट बघत राहिलं की कळतं, उडायच्या आधी थव्यात एक हालचाल सुरू होते, आधी एकदोघं मान ताठ करतात, मग डोकं झटकायला लागतात, मग ते शेजाऱ्यांमध्ये पसरतं, आवाज वाढतो. ती झटकाझटक दिसली की मी कॅमेरा उचलते, शटर १/२००० सेकंदाला आधीच लावलेलं असतं, म्हणजे फडफडणारे पंखही स्थिर येतात. कधी कधी सगळे परत झोपतात ते वेगळं!

दुसरी गोष्ट वारा. मोठे पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडतात, त्यांना उचल मिळते त्यातून. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर थवा तुमच्याकडे तोंड करून उठणार, आणि वारा तुमच्या तोंडावर असेल तर दिवसभर शेपट्यांचे फोटो. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बऱ्याचदा उत्तर-ईशान्येकडून असतो आणि सकाळचं ऊन आग्नेयेकडून, त्यामुळे पूर्वेच्या काठाला बसलं तर दोन्ही पाठीशी येतात. हे मला तिथल्या एका गाईड काकांनी दाखवलं, गावातलेच आहेत, लेन्सबिन्स काही माहीत नाही त्यांना पण पक्षी कुठे वळणार ते आधी सांगतात. मी उठायला लागले की म्हणायचे, "बेसो बेन, हमणां उडशे." म्हणजे बसा ताई, आता उडतील. आणि खरंच उडायचे.

उजेडाचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीसारखा काळ नाही. बडोदं कर्कवृत्ताच्या जरा खाली, त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो, सगळं चपटं दिसतं, आणि डिसेंबरात दुपारी बारालासुद्धा तो जेमतेम ४४ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे सकाळचा चांगला उजेड लवकर संपत नाही. जानेवारीत सूर्योदयही सव्वासातनंतर, घाई कशाला करायची? धुकं असेल तर ऑटोफोकस मागेपुढे हलत राहतो, त्याला धरायला कडक कडा लागते, हंसाच्या डोक्यावरच्या त्या काळ्या पट्ट्यावर पॉइंट ठेवा. आणि मागे गडद पाणी, पुढे पांढरा बगळा असेल तर एक्सपोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) थोडं मायनसला घ्या, नाहीतर पिसं सगळी पांढरीफटक होतात, मग एडिटिंगमध्ये काही परत येत नाही.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. टाळ्या वाजवून, ढेकळं मारून थवा उडवणारे लोक. फ्लाइट शॉट पाहिजे म्हणून! मार्चच्या आसपास यांना परतीचा एवढा प्रवास करायचा असतो, त्यासाठी अंगावर चरबी साठवायची असते, आणि आपण रीलसाठी त्यांची ताकद वाया घालवतो. मी तिथल्या तिथे बोलते, ओळख असो नसो.

वाट बघण्याचा विषय निघाला की मला नेहमी आपले सिनेमावाले दादासाहेब फाळके आठवतात, ते आपल्या बडोद्यात कलाभवन या कलासंस्थेत शिकले, फोटोग्राफीही इथेच. पुढे १९१२ मध्ये मुंबईत कुंडीत वाटाणे लावून त्यांनी कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून जास्त रोज थोडं थोडं चित्रण करून ते रोप उगवताना दाखवलं, पुढच्या कामाला भांडवल मिळावं म्हणून. वाटाणा हो, रोजचा वाटाणा! विषय भारी असायलाच पाहिजे असं कुठाय.

गाडी नाही, मोठी लेन्स नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी बडोद्यातलीच कामाठीबाग आहेच. १८७९ पासून आहे आणि मधून विश्वामित्री वाहते, त्यात मगरी. थंडीत मगर सकाळी अंग तापवायला काठावर येते, तिचं रक्त आपल्यासारखं स्वतःहून गरम राहत नाही ना. पहाटे जाऊन उपयोग नाही, ऊन काठाच्या चिखलावर पडायला लागलं की पुलावर जाऊन उभे राहा, नऊ-दहाच्या पुढे. खाली उतरायचं नाही, अजिबात नाही. आधी नुसती पडून असते, मग कधीतरी जबडा उघडून तशीच राहते, ते अंगातली उष्णता सांभाळण्यासाठी. तो फोटो कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या १८-५५ लेन्सनेही क्रॉप करून बरा येतो, फक्त जबडा उघडेपर्यंत पुलावरून हलू नका.