पुढच्या वर्षी

रविवार, ८ जून २०२५

आज गादी घेतली. कापसाची, दहा किलोची, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची. आत्ता तिच्यावरच बसून लिहितेय.

पुढच्या महिन्यात पुण्यात येऊन सात वर्षं होतील. त्यातली साडेसहा कॉट बेसिसवर गेली. नवी पेठेत एका खोलीत चार कॉट, चार मुली आणि प्रत्येक कॉटवर मालकांनी दिलेली गादी. माझ्या गादीला मधोमध खड्डा होता. माझ्याआधी तिथं किती जणींनी रात्री काढल्या असतील कोण जाणे. मी त्या खड्ड्यात पाठ बसवायला शिकले. पावसाळा आला की कंबर धरायची, आणि दर पावसाळ्यात मी स्वतःला सांगायचे, पुढच्या वर्षी राज्यसेवेची परीक्षा पास होऊन पोस्ट निघाली की आधी गादी घ्यायची.

पुढच्या वर्षी. डावीकडची दाढ दुखायची, ती पुढच्या वर्षी. चष्म्याची काडी तुटली, तिला दोरा गुंडाळला. नवा चष्मा पुढच्या वर्षी. मामेबहिणीच्या लग्नाला गेले नाही, कारण मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, दहा दिवसांवर होती. तिला फोनवर म्हटलं, पुढच्या वर्षी तुझ्याकडे चार दिवस राहायला येते. तिचा मुलगा आता अडीच वर्षांचा आहे आणि मी त्याला फक्त मोबाइलवर पाहिलंय. २०२३ च्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा आई किती खूश झाली होती. "आता तुला यायला काय जड आहे?" म्हणाली. त्या अख्ख्या वर्षात मी घरी दहिवडीला दोनदा गेले. म्हणजे अडत होतं ते तिकिटापाशी नाही.

वारज्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गादी कारखाना आहे. फेब्रुवारीपासून कामावर जाता-येता रोज दिसतो. आज आत गेले. चाचांनी विचारलं, "किती किलोची भरू?" मला सांगता येईना. गादी किलोवर भरतात हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी स्वतःच हिशेब केला. "एकटीला आठ किलो पुरते. पाठ दुखते का?" दुखते म्हटलं. "मग दहा भरू, घट्ट बसेल."

मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. पिंजलेला कापूस त्यांनी मुठीमुठीनं खोळीत सरकवला. आधी कोपरे, मग कडा, शेवटी मधला भाग. मग काठीनं थापटून सगळीकडून सारखा केला. एकदा तळहात फिरवताना मधेच थांबले. एका जागी कमी वाटलं असावं. खोळीवरूनच बोटांनी ढकलत ढकलत त्यांनी कापूस तिथपर्यंत आणला आणि पुन्हा तळहात फिरवला. मग दाभण घेतलं. जाड दोरा वरून आत, खालून बाहेर, गुडघ्यानं गादी दाबून ओढ, गाठ. टाका सैल राहिला की कापूस पळतो, म्हणाले. महिन्यातून एकदा ऊन दाखवा, दहा वर्षं काढेल.

दहा वर्षं टिकायची वस्तू मी याआधी कधी घेतली नव्हती. बादलीसुद्धा खोली सोडून जाणाऱ्या मुलीकडून घ्यायचे.


बुधवार, ११ जून

सकाळी पेपर वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हातात पेन न घेता.

हे लिहून ठेवण्याजोगं वाटतं, कारण ही सवय मोडायला मला सर्वांत जास्त दिवस लागले. पहाटे साडेचारचा गजर पहिल्याच महिन्यात सुटला. जेवताना पुस्तक उघडं ठेवायचं, तेही सुटलं. अभ्यासिकेतून उठताना खुर्चीवर ओढणी टाकून जागा धरायची सवय तर इतकी मुरली होती की कामाच्या ठिकाणी कँटीनमध्ये मी दोनदा तसं केलं. तीही गेली. पेपरचं पेन मात्र जाईना. समिती दिसली की अध्यक्ष कोण, योजना दिसली की वर्ष कुठलं, खाली रेघ, समासात चौकोन. बातमी वाचायची नाही, तिच्यातून प्रश्न काढायचा. सहा वर्षं रोज तेच केलं.

यंदा पाऊस लवकर आला. २४ मेला केरळात, २६ मेला मुंबई-पुण्यात. मी नेहमीप्रमाणे रेघ मारली, समासात दोन्ही तारखा लिहिल्या, मुंबईतलं आजवरचं सर्वांत लवकर आगमन असंही लिहिलं. प्रश्न येणार, असं मनात आलंसुद्धा, आणि कामावर गेले. संध्याकाळी आईचा फोन आला. शेतात काढून ठेवलेला कांदा भिजला होता. अण्णा ताडपत्री घेऊन धावले, पण निम्मी रास उघडीच राहिली.

आमच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या माणसाला पाऊस म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. चारा छावणीत जनावरांसोबत अण्णा रात्री राहायचे तेव्हा आई त्यांचा डबा माझ्याबरोबर पाठवायची. आणि त्या सकाळी पावसाची बातमी वाचून मला अण्णांचा कांदा आठवला नाही. तारीख आठवली.

पेन त्या रात्री ड्रॉवरमध्ये ठेवलं. तरी दोन आठवडे बोटं शिवशिवत होती. आज पहिल्यांदा पानं उलटताना हात मोकळा होता. लासलगावचा भाव वाचला आणि अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "आता कशाला भाव विचारतीस, गेला की निम्मा." पण मग दहा मिनिटं बोलले.


शनिवार, १४ जून

खूप दमलेय, तरी लिहिते.

मी हॉस्पिटलात बिलिंगच्या खिडकीवर बसते. आज दुपारी भोरकडचे एक आजोबा आले, हातात कॅरीबॅग, तिच्यात सगळी कागदपत्रं. आजी आत ॲडमिट. त्यांनी खिडकीच्या फटीतून पिशवीच आत सरकवली आणि विचारलं, "बाई, किती भरायचं?" वरच केशरी रेशनकार्ड होतं.

कार्ड पाहिल्याबरोबर माझ्या डोक्यात सगळं ओळीनं उभं राहिलं. महात्मा फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२, पहिला टप्पा आठ जिल्हे, तेव्हाचं नाव राजीव गांधी जीवनदायी. २०१७ ला नाव बदललं. दीड लाखाचं संरक्षण, २०२३ च्या निर्णयानं पाच लाख. हे मी किती वेळा घोकलंय! यावर आलेले प्रश्न मला पर्यायांसकट आठवतात. आणि आजोबा वाट पाहत होते.

मी खिडकी शेजारच्या मुलीला सांभाळायला दिली आणि बाहेर आले. त्यांना घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाच्या, टेबलापाशी गेले. तिथं अडलं: आधारवर त्यांच्या नावाच्या शेवटी "बा" आहे, रेशनकार्डावर नाही. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाला फोन केला, त्यानं आणखी एक कागद मोबाइलवर पाठवला, तो छापून आणला. तास-दीड तास गेला. मधे आजोबांना पाणी हवं होतं ते माझ्या उशिरा लक्षात आलं. बाकड्यावर बसवायचंही राहिलं होतं, ते सगळा वेळ उभेच होते. कागद वर गेलाय, मंजुरी सोमवारपर्यंत कळेल.

एवढी वर्षं मला वाटायचं, अधिकारी झाले की मग लोकांचं काही करता येईल. तहसीलदार, बीडीओ, कुठलीही खुर्ची, पण खुर्ची हवी. ते स्वप्न खोटं नव्हतं, अजूनही मला ते खोटं वाटत नाही. माझ्या बरोबरची एक आज विदर्भात गटविकास अधिकारी आहे आणि फार मनापासून काम करते. पण मी तोपर्यंत सगळंच थांबवून ठेवलं होतं, चांगलं वागणंसुद्धा. खोलीतली मुलगी तापानं फणफणली होती त्या रात्री मी कानात बोळे घालून वाचत बसले, कारण दुसऱ्या दिवशी टेस्ट सिरीजचा पेपर होता. तिला दवाखान्यात दुसरीनं नेलं. त्याची आठवण आज कितीतरी वेळा आली.

थांबायचं कधी ठरवलं, हे मला लोक विचारतात. ठरवलं असं नाही. दोनदा प्री, म्हणजे पूर्वपरीक्षा, निघाली, दोन्ही वेळा मेन्सला अडकले, एकदा अगदी थोडक्या मार्कांनी. मग गेल्या वर्षी २५ ऑगस्टची प्री होती, त्याच दिवशी बँकेची परीक्षाही आली. शास्त्री रोडवर मुलं बसली, मीही दोन रात्री तिथं होते. परीक्षा पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. पेपर देऊन बाहेर आले तर फाटकापाशी सगळे घोळके करून उत्तरं जुळवत होते. मला एकही उत्तर जुळवावंसं वाटलं नाही. टपरीवर चहा घेतला आणि चालत खोलीवर आले. खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८ आहे. म्हणजे दार अजून दहा वर्षं उघडंच राहणार होतं, ते कुणी येऊन लावणार नव्हतं. फाटकापासून खोलीपर्यंतच्या त्या अर्ध्या तासात मला हे पहिल्यांदा नीट कळलं, आणि भीती वाटली. जानेवारीत मी कामं शोधायला लागले.

आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जेवलीस का?"


सोमवार, १६ जून

आजोबांची मंजुरी आली. उद्या आजींचं ऑपरेशन. आजोबा खिडकीशी आले, काही बोलले नाहीत, दोन्ही हात जोडून उभे राहिले. मलाही काय बोलावं सुचेना. त्यांना बसा म्हटलं.

आणि संध्याकाळी धाकटीचा फोन. बीएस्सीचा निकाल लागला, पहिला वर्ग. मग एकदम: "ताई, मी येऊ का पुण्याला? राज्यसेवेचं करायचंय."

मी बराच वेळ गप्प बसले. तोंडावर नको आलं होतं. कॉटवरचा खड्डा, दाढ, न पाहिलेला भाचा, सगळं एका दमात सांगावंसं वाटलं. अण्णांनी तिच्या हातातून फोन घेतला. "तू सांगशील तसं," म्हणाले. "तुला ठाऊक हाय तिथलं." दर महिन्याच्या एक तारखेला मी याच माणसाला फोन करायचे आणि आवाज बारीक करून पैशांचं बोलायचे. त्यांनी कधी विचारलं नाही की अजून किती वर्षं. एका उन्हाळ्यात दोन शेळ्या विकल्या, तेही मला वर्षभरानं कळलं. आता ते मला विचारत होते.

फोन पुन्हा तिच्याकडे गेला. मी तिला नाही म्हटलं नाही. कसं म्हणणार? माझ्याहून तिचं डोकं शांत आहे, लिहिते छान. आणि यंदापासून मेन्स वर्णनात्मक झालीय, तिथं तिचं अक्षर आणि तिची भाषा कामाला येईल. माझ्या पत्र्याच्या पेटीतल्या मेन्सच्या नोट्स आता तशा उपयोगाच्या नाहीत. भूगोलाच्या आणि राज्यघटनेच्या तेवढ्या काढून ठेवीन, बाकी रद्दीत. इतके दिवस हात लावायचं धाडस होत नव्हतं, आज पेटी उघडली. सात वह्या निघाल्या, समासात चौकोनच चौकोन.

तिला म्हटलं, ये. पण कॉट बेसिसवर राहायचं नाही, माझ्याकडे राहायचं. खोलीतल्या मैत्रिणीला मी विचारलंय, तिची हरकत नाही. किती वर्षं करायचं ते आत्ताच अण्णांसमोर बोलायचं आणि तो आकडा दोघींनी लिहून ठेवायचा. दिवाळीला घरी जायचं, परीक्षा कधी का असेना. आणि मे महिन्यापासून हिरडी सुजलीय म्हणत होतीस ना, ती दहिवडीत दाखवूनच निघायचं.

"परीक्षेनंतर दाखवते की," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "या आठवड्यात."

ती हसली आणि बरं म्हणाली. रविवारी सकाळच्या गाडीनं येतेय. काय काय आणू विचारत होती. आईनं शिवलेली लाल काठाची गोधडी आण म्हटलं, बाकी काही नको.

फोन ठेवून तशीच खाली गेले. चाचा शटर ओढायच्या बेतात होते. रविवारपर्यंत आणखी एक गादी हवी, म्हटलं, बहीण येतेय.

"पाठ दुखते का तिची?"

"नाही."

"मग आठ पुरे," म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.