एळु

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो, तो साडेचारला उठलो आणि थेट न्हाणीत जाऊन ब्रशवर पेस्ट लावली. तोंडात फेस झाल्यावर बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, दुपार हाय ही." बाहेर आभाळ गच्च, भुरभुर चाललेली. आषाढात बेळगावची सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली, उजेडावरनं सांगून दाखवा! सुरू केलंच होतं, म्हणून घासून टाकले.

दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या पुढं गेली की माणूस गाढ झोपेत उतरतो. तिथनं उठलं की अंग उठतं, डोकं मात्र मागच्या बसनं येतं. पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास थांबायचं स्टँडवर.

लहानपणी मला ही मागची बस ठाऊकच नव्हती. आम्ही बेळगावातल्याच वडगावात, विणकरांच्या वस्तीत राहायचो. रात्रभर मागांची खडखड आणि त्यातच आमची झोप. उलट वीज जाऊन माग थांबले की अख्खी गल्ली दचकून जागी व्हायची. आमची आणि शेजारच्या कानडी अव्वाची भिंत एकच. सकाळी भिंतीपलीकडनं हाक यायची, "एळु गंटे आतु, एळो!" मला तेव्हा कन्नड आकड्यांपुरतंच यायचं. एळु म्हणजे सात. मला वाटायचं, अव्वा वेळ दोनदा सांगते, एकदा साधी आणि एकदा रागानं. पुढं कळलं, सात म्हणजे एळु आणि ऊठ म्हणजेही एळुच. म्हणजे आठ वाजता उठणाऱ्यानं कुठल्या तोंडानं उठायचं?

गंमत अशी, की हाक तिच्या पोराला असायची आणि ताडकन उठायचो मी. आमची आज्जी डोक्याशी बसून "ऊठ रे बाळा, सात वाजले" म्हणायची, तेव्हा मी वाकळ आणखी वर ओढून घ्यायचो. तिचा आवाज स्वप्नात आरामात मिसळायचा. अव्वाची हाक मिसळायची नाही, खड्यासारखी लागायची.

उठलं की राखुंडी घेऊन परसात. सुमारे अडीच हजार फुटांवरचं गाव, थंडीत समोरचं पेरूचं झाड दिसायचं नाही इतकं धुकं. तोंडावर गार पाणी, वर पांढरा उजेड. डोळ्यांवर उजेड पडला की झोप आणणारं मेलाटोनिन ओसरतं, उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास अंगाला तरतरी देणारं कॉर्टिसॉल चढत राहतं, हे फार पुढं वाचलं. आज्जीला दोन्ही नावं माहीत नव्हती. तिला एवढंच माहीत, की घरात ठेवलं तर कार्टं परत वाकळेत शिरणार.

परवाच्या फजितीनंतर अव्वाच्या पोराला हुबळीला फोन लावला. तोही आता रिटायर. त्याला ही हाकेची गोष्ट सांगितली, तर पठ्ठ्या म्हणतो, "आणि मी तुझ्या आज्जीच्या हाकेनं उठायचो की! आमच्या अव्वाची कधी ऐकूच आली नाही."

दोघंही बराच वेळ हसलो. मग मी विचारलं, "आता कोण उठवतं रे तुला?"

"उठवायला आधी झोप लागाय पायजे की," तो म्हणाला.