क्रायसिसचा पाचवा भाग सापडेपर्यंत

सुपरगर्ल सीझन ५ भाग ९, बॅटवुमन सीझन १ भाग ९, द फ्लॅश सीझन ६ भाग ९, ॲरो सीझन ८ भाग ८ आणि शेवटी लेजंड्स ऑफ टुमॉरोचा पाचव्या सीझनआधीचा विशेष भाग. हा क्रम आधी लिहून घ्या, बाकीचं नंतर वाचा. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही पाच अमेरिकी सुपरहिरो मालिकांत विभागलेली एक सलग गोष्ट आहे आणि ती याच क्रमाने पाहायची असते. मी वापरलेल्या एकाही ॲपवर हे पाच भाग एकापाठोपाठ लावून ठेवलेले नव्हते. माझी चिडचिड त्यावरच आहे आणि इतका काळ उलटूनही ती कमी झालेली नाही.

पुढे स्पॉइलर आहेत. कोण मरतं, कोण परत येतं, सगळं येईल.

ज्यांना या प्रकरणाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत 'द सीडब्ल्यू' वाहिनीवर ऑक्टोबर २०१२ मध्ये ॲरो सुरू झाली. धनुष्यबाण घेतलेला एक श्रीमंत घरचा मुलगा, ऑलिव्हर क्वीन, आणि त्याचं गुन्हेगारीने पोखरलेलं शहर. तेव्हा त्यात कुणाकडेही अद्भुत शक्ती नव्हती. २०१४ मध्ये त्यातून द फ्लॅश निघाली, मग लेजंड्स आली. सुपरगर्ल आधी दुसऱ्या वाहिनीवर होती, ती दुसऱ्या सीझनपासून इकडे आली. दरवर्षी डिसेंबरच्या आसपास या मालिकांमधली माणसं एकमेकांच्या मालिकेत जायची. एका मालिकेत सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मालिकेत पुढे सरकायची. असं करत करत डिसेंबर २०१९ मध्ये क्रायसिस आलं. मूळ कॉमिक १९८५-८६ चं, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांचं, बारा अंकांचं. अनेक विश्वं एकेक करून पुसली जातात आणि उरलेले लोक एकत्र येतात, हा त्याचा गाभा.

मी आणि माझी भाची मिळून हे सगळं पहिल्यापासून पाहत आलो. ॲरोचे पहिले दोन सीझन कधी संपले कळलंच नाही. फ्लॅशचा पहिला सीझन तर आजही मला या सगळ्या पसाऱ्यातला सर्वांत चांगला वाटतो. २०१७ चं 'क्रायसिस ऑन अर्थ-एक्स' आम्ही एका रात्रीत, मध्ये न थांबता पाहिलं. चारही मालिकांचा आठवा भाग, सुपरगर्ल, ॲरो, फ्लॅश, लेजंड्स या क्रमाने, एवढं लक्षात ठेवलं की झालं. बॅरी (म्हणजे फ्लॅश) आणि आयरिसच्या लग्नात नाझी घुसतात आणि शेवटी लेजंड्समधले मार्टिन स्टाइन जातात. भाची दुसऱ्या दिवशीही गप्प होती. इथवर कुठेच अडलो नाही.

अडलो ते क्रायसिसपाशी.

पहिला भाग सुपरगर्लमध्ये. तो संपतो तेव्हा काराची, म्हणजे सुपरगर्लची, पृथ्वी नष्ट झालेली असते आणि ऑलिव्हर मेलेला असतो. आठ सीझन ज्याच्या मागे गेलो तो माणूस पहिल्याच तासात जातो. आम्ही दोघी सुन्न बसलो होतो आणि तेवढ्यात ॲपने आपलं आपण सुपरगर्लचा पुढचा भाग, दहावा, सुरू केला. हा दहावा भाग सगळं क्रायसिस संपल्यानंतरचा आहे! जगं परत आली आहेत, खलनायक लेक्स लूथर नायक म्हणून मिरवतो आहे, हे त्याच्या सुरुवातीलाच कळतं. भाचीने रिमोट हिसकावला तोवर बरंच कळून चुकलं होतं. ज्या कथेचा सगळा जीव 'आता काय होणार' यात आहे, त्या कथेचा शेवट तिच्या पहिल्या भागाला चिकटवून ठेवायचा, याला काय म्हणावं? म्हणून सांगते, पहिला भाग लावण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. नंतर नाही, आधी.

दुसरा भाग बॅटवुमनमध्ये. ती मालिका त्या ॲपवर नव्हतीच. म्हणजे गोष्टीचा एक पंचमांश हिस्सा गायब, आणि तसं सांगणारी एक ओळही कुठे नाही. त्यासाठी दुसऱ्या ॲपचं महिन्याचं सदस्यत्व घेतलं. हे केलंच पाहिजे का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हो आहे. याच भागात टॉम वेलिंग येतो. २००१ ते २०११ ज्यांनी स्मॉलव्हिल, तरुण सुपरमॅनची म्हणजे क्लार्कची मालिका, पाहिली त्यांना तो प्रसंग चुकवता येणार नाही. शेतावर लाकडं फोडणारा क्लार्क, मारायला आलेला लेक्स, आणि क्लार्क त्याला शांतपणे सांगतो की शक्ती मी केव्हाच सोडून दिल्या, आता घर आहे, मुली आहेत. ब्रँडन राउथ २००६ च्या सिनेमातला सुपरमॅन होता, लेजंड्समध्ये तो रे पामर आहे. इथे तो पांढरे कल्ले असलेला, जवळची माणसं गमावलेला सुपरमॅन होऊन येतो. आणि केविन कॉनरॉय. १९९२ पासून ज्याच्या आवाजातला बॅटमॅन आपण कार्टूनमध्ये ऐकला, तो इथे प्रथमच स्वतः ब्रूस वेन म्हणून समोर उभा राहतो, म्हातारा, कडवट, चुकलेला. २०२२ मध्ये तो गेला, त्यानंतर हा प्रसंग मी पुन्हा पाहिला आहे.

तिसरा फ्लॅशमध्ये, चौथा ॲरोमध्ये, ते सहज मिळाले. मग पाचवा.

लेजंड्सचा पाचवा सीझन उघडला तर पहिला भाग म्हणून 'मीट द लेजंड्स' दिसतो. तो क्रायसिसनंतरचा आहे. चौथ्या सीझनच्या शेवटी पाहिलं, तिथेही काही नाही. शोध खिडकीत 'क्रायसिस' लिहिलं तर अर्थ-एक्सवाले भाग येत होते, हवा तो येत नव्हता. नावात थोडा बदल करून, मालिकेचं नाव पुढे जोडून, कलाकाराच्या नावाने, सगळं करून पाहिलं. मग ग्राहक सेवेच्या चॅटवर गेले.

"मॅडम, पाचव्या सीझनचे चौदाच्या चौदा भाग उपलब्ध आहेत."

मी लिहिलं की बरोबर आहे, पण या सीझनबरोबर एक विशेष भागही धरला जातो, १४ जानेवारी २०२० ला प्रसारित झालेला, तो मला हवा आहे. पुन्हा तेच उत्तर. मी बाकीच्या चार भागांचे क्रमांक दिले, गोष्ट कुठे तुटते ते समजावलं. पलीकडच्या माणसाने ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितलं. टाकलं. मग इंटरनेटचा वेग तपासायला सांगितला. वेगाचा यात काय संबंध, विचारलं तर "तुमची तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे" आणि चॅट बंद. काही दिवसांनी मेल आला, तक्रार निकाली काढली म्हणून. दुसरा माणूस, दुसरं चॅट, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी, पुन्हा तेच चौदा भाग.

मला माणसांचा राग नाही, त्यांच्यासमोर जी यादी असते तेवढीच ते वाचणार. राग आहे तो यादी करणाऱ्यांचा. कॅमेऱ्यासमोर अर्धा डझन मालिकांमधली माणसं एकत्र आणणाऱ्यांनी किती कष्ट घेतले असतील! प्रत्येक मालिकेचं चित्रीकरण वेगळं, वेळापत्रक वेगळं, तरी त्यांनी तारखा जुळवल्या. आणि ते जपून ठेवायची वेळ आली तेव्हा एकाच पुस्तकाची पानं फाडून पाच वेगळ्या पुस्तकांत शिवून टाकली, शेवटचं पान तर कुठे ठेवलं तेही कुणाला ठाऊक नाही.

पाचवा भाग अखेर भाचीला सापडला. "मावशी, सीझनची यादी पूर्ण खाली ने," ती म्हणाली. पहिला, दुसरा असे सातही सीझन संपले की त्याखाली 'विशेष' असा एक कप्पा होता, आणि त्यात एकच भाग, नुसत्या 'पाचवा तास' अशा नावाचा. म्हणून शोध खिडकीत तो येत नव्हता. सापडला तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. तुमच्याकडे दुसरं ॲप असेल तरी हाच कप्पा आधी बघा, चॅटवर जाऊच नका.

आता इतकं करून पाहण्याजोगं ते आहे का? आहे. पण त्रुटीही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. अँटी-मॉनिटर हा सगळी विश्वं गिळणारा खलनायक, आणि शेवटच्या भागात त्याची लढाई घाईघाईत उरकली आहे. त्याच्या छायाराक्षसांचे हल्ले सगळे सारखेच. ऑलिव्हर एकदा मरतो, मग स्पेक्टर नावाची अलौकिक शक्ती होऊन येतो, चौथ्या भागात पुन्हा मरतो. दुसरा मृत्यू चांगला लिहिलेला आहे, तरी पहिल्याची धार त्यामुळे बोथट होते, असं माझं ठाम मत. ब्लॅक लाइटनिंग, आणखी एका मालिकेचा नायक, तिसऱ्या भागात उगवतो, त्याला आणखी वेळ द्यायला हवा होता. आणि फेलिसिटी नाही. ऑलिव्हर जातो आणि त्याची बायको संपूर्ण क्रायसिसमध्ये कुठेच दिसत नाही, ही उणीव भरून निघत नाही.

माझी मावसबहीण तेव्हा अमेरिकेत होती. तिने हे प्रसारणाच्या वेळीच पाहिलं. तिसरा भाग १० डिसेंबरला, सात जण काळाच्या पलीकडे अडकलेले आणि बाकी सगळं विश्व संपलेलं, तिथे थांबला. चौथा-पाचवा थेट १४ जानेवारीला. ते मधले दिवस तिने कसे काढले असतील! आपल्याला एवढी एक सोय तरी आहे की थांबावं लागत नाही.

सांगायचं राहिलं, क्रायसिसआधी काय पाहिलंच पाहिजे. सगळं पाहणं होत नसेल तर २०१८ चं 'एल्सवर्ल्ड्स' पूर्ण पाहा, तिथे विश्वांवर नजर ठेवणारा मॉनिटर येतो. क्रम फ्लॅश, ॲरो, सुपरगर्ल, तिन्हींचा नववा भाग. ॲरोच्या सातव्या सीझनचा शेवट पाहा, कारण ऑलिव्हरने कोणता सौदा केला ते तिथे उलगडतं. फ्लॅशच्या सहाव्या सीझनचा आठवा भाग चुकवू नका, नाहीतर 'पराया' (Pariah) हे पात्र कोण आहे ते कळणार नाही. आणि फ्लॅशचा अगदी पहिला भाग पुन्हा पाहा. बॅरीचा मार्गदर्शक वेल्स गुप्त खोलीत भविष्यातलं वर्तमानपत्र वाचतो, संकटात फ्लॅश नाहीसा झाल्याची बातमी, तारीख २०२४ ची. क्रायसिसचं बी २०१४ मध्ये, पहिल्याच तासात पेरलेलं आहे. मोठ्या पडद्याइतका पैसा या लोकांकडे नव्हता, त्यांच्याकडे वर्षं होती. तिसऱ्या भागात १९९० च्या मालिकेतला फ्लॅश, जॉन वेस्ली शिप, बॅरीच्या जागी धावत मरतो आणि त्या जुन्या मालिकेचं दृश्य मध्ये झळकतं. एरवी शिप याच मालिकेत बॅरीचा बाप म्हणूनही दिसलेला. हे दोन तासांच्या सिनेमाला जमणार नाही.

पाचवा भाग झाला की ॲरो सोडू नका, दोन भाग उरलेले असतात. नववा पुढच्या पिढीच्या मालिकेची चाचणी म्हणून केलेला होता, ती मालिका झालीच नाही, तेव्हा तो टाळलात तरी चालेल. दहावा पाहा. त्यात फेलिसिटी येते.