आधी पोट बघ

गेल्या वर्षी पावसाने मे महिन्यातच गाठलं. गोव्यात साखळी गावाच्या पुढे एका ओहोळातला गाळ काढायचं काम चालू होतं. सकाळी साडेसहाला ठेकेदाराचा फोन आला, "पोकलेनची चेन उतरलीय. गाडी रुतलीय. पाणी चढतंय, लवकर ये."

उसगावला माझं छोटं वर्कशॉप आहे. पोकलेन, डोझर, अशा चेनवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करायच्या, हाच धंदा. खाणी जोरात होत्या तेव्हा तिथे हात तयार झाला. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या, यंत्रं जागच्या जागी गंजत उभी राहिली आणि तेव्हापासून मी बोलावतील तिथे जातो. पण चेनवर चालणाऱ्या गाडीचं वेड त्याच्याही आधीचं, आणि ते लागलं रणगाड्यामुळे. वर्कशॉपच्या फळीवर मी स्वतः जोडलेली सात मॉडेलं आहेत, मधोमध जर्मन टायगर. दहावीच्या सुट्टीत मामाकडे नगरला गेलो होतो, तेव्हा तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय सलग दोन दिवस बघितलं. शर्मन, सेंच्युरियन, विजयंता, सगळे हात लावून. दुसऱ्या दिवशी मामा कंटाळून फाटकाजवळच बसला होता.

ओहोळावर पोचलो तर वीस टनांची गाडी डावीकडे कलली होती. डावी चेन पुढच्या आयडलरवरून, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या चाकावरून, निसटून बाहेर लोंबत होती. कारण शोधावं लागलं नाही. चेनला ताण देणाऱ्या सिलिंडरचा सील गळत होता, ग्रीस बाहेर आलं होतं, चेन सैल पडली होती आणि तशात ऑपरेटरने दगडगोट्यांच्या गाळात गाडी जागेवर वळवली. सील बदल म्हणून मी मार्चमध्येच सांगितलं होतं. चालतंय तोवर चालू दे, असं उत्तर मिळालं होतं. त्या सकाळी मला त्याचा फार राग आला, कारण गाडीखाली झोपायची पाळी माझ्यावर येणार होती.

मी आणि माझा पोरगा हत्यारं उतरवत होतो. बांधावर डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेले एक वयस्क गृहस्थ उभे होते. बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, "ताण कशावर देता? ग्रीसवर?"

"होय काका."

"आमच्याकडे वर्म गिअर असायचा. लांब पाना लावून फिरवायचा. टी-७२ रणगाड्याला."

माझ्या हातातली पहार हातातच राहिली.

ते मूळचे दोडामार्गचे, आता मुलीकडे साखळीत राहतात. १९७२ साली ईएमईत, म्हणजे सैन्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, भरती झाले, सुभेदार म्हणून निवृत्त. रिकव्हरी मेकॅनिक. म्हणजे लढाईत किंवा सरावात रणगाडा रुतला, बंद पडला, चेन तुटली की त्याला ओढून आणणारा माणूस. असा माणूस त्याच सकाळी त्याच बांधावर उभा असावा, याला मी काय म्हणू? मी त्यांना खाली बोलावलं. "सुभेदारकाका, तुम्ही सांगा, मी करतो."

चेन चढवायची रीत माझी मला माहीत होती. बकेट टेकवून ती बाजू उचलायची. ग्रीसचा व्हॉल्व्ह थोडा सैल करून दाब सोडायचा. पूर्ण काढायचा नाही, आत दाब असेल तर तो गोळीसारखा सुटतो. तोंड त्याच्या समोर कधीच न्यायचं नाही. आयडलर आत ढकलायचा, चेन आधी मागच्या दातेरी चाकावर, स्प्रॉकेटवर, बसवायची आणि पहारीने पुढे पुढे सरकवत आणायची. पण त्याआधी दुव्यांमधला चिखल काढावा लागतो. दोघे खरवडायला लागले की तास जातो, आणि त्या तासात आम्ही बोललो.

चिखलातून दुवे जोडणाऱ्या पिनेचं एक डोकं वर आलं तसं काकांनी त्यावर अंगठा फिरवला. म्हणाले, "ही दाबून बसवलेली आहे. रशियन टी-३४ ची पीन सुटीच असायची, ठाऊक आहे?" मला वाचून ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. पिनेला डोकं फक्त आतल्या बाजूला. चालता चालता ती आत सरकायची, आणि मागे रणगाड्याच्या अंगावर लोखंडाची एक तिरपी पट्टी जोडलेली असायची. सरकलेली पीन त्या पट्टीवर आपटली की टक्‌कन पुन्हा जागेवर. दर फेरीला. ना नट, ना चावी. १९४० च्या रणगाड्यात कुणीतरी हे बसवलं, याचं मला आजही नवल वाटतं. लोक टी-३४ चं तिरपं चिलखत वाखाणतात, ते बरोबरच आहे. पण मी गॅरेजवाला. मला ती पट्टी जास्त आवडते.

मग मी माझ्या टायगरचा विषय काढला. ८८ मिलिमीटरची तोफ, समोर १०० मिलिमीटरचं चिलखत, ५७ टन. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाकं कशी होती?"

सांगावंच लागलं. एका बाजूला आठ दांडे, प्रत्येक दांड्यावर चाकं, आणि ती एकमेकांवर चढवलेली, माशाच्या खवल्यांसारखी. वजन छान पसरतं. पण आतलं चाक बदलायचं तर आधी बाहेरची कितीतरी काढायची. रशियाच्या थंडीत चाकांच्या फटीतला चिखल रात्रीत गोठायचा आणि सकाळी गाडी हलायची नाही. शिवाय रेल्वेवर चढवायचा तर चेनचे ७२५ मिलिमीटर रुंद पट्टे उतरवून ५२० चे घालायचे, पोचल्यावर पुन्हा बदलायचे.

काका खरवडायचे थांबले. "रात्री, गोठलेल्या चिखलात, बॅटरीच्या उजेडात ते चाक ज्याने काढलं असेल," एवढंच म्हणाले.

वीस वर्षं मी टायगरवर वाचतोय. चाक काढणाऱ्या त्या माणसाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता, आणि मी स्वतः तोच धंदा करतो.

शर्मनबद्दल त्यांचं मत एकदम वेगळं. चाकांच्या जोड्या बाहेरून बोल्टवर. मोडली तर अख्खी जोडी काढा, दुसरी लावा. पुढचं नाक बोल्ट खोलून सुटतं, आत गिअरबॉक्स. अमेरिकेने सुमारे ४९,००० शर्मन बनवले, टायगर निघाले साडेतेराशेच्या आसपास. काकांच्या लेखी तिथेच निकाल लागला. माझ्या लेखी नाही, आणि मी ते त्यांना सांगितलंही. ज्या पोरावर शर्मनमध्ये बसून समोरून टायगर अंगावर घ्यायची वेळ आली, त्याला चाक सोपं आहे याचा काय दिलासा? शिवाय सुरुवातीच्या शर्मनच्या चेनचे पट्टे अरुंद होते, चिखलात ते टायगरपेक्षाही लवकर रुतत. काका त्यावर बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "ते खरं. आत बसणारा वेगळा हिशोब करतो, ओढणारा वेगळा."

साडेनऊला चेन चढली. ग्रीसगनने ताण भरला. गळका सील होता, पण दोन तास तग धरेल इतका. ऑपरेटरने पुढे घेतली. चेन फिरली, गाडी जागेवरच. पुन्हा फिरली, आणखी चार बोटं खाली गेली. बकेट समोरच्या काठाला रोवून ओढायचा प्रयत्न केला, तर काठच ढासळून ओहोळात आला. पाणी आता रोलरपर्यंत पोचलं होतं. मी ठेकेदाराला दुसरी पोकलेन मागवायला सांगत होतो, इतक्यात काका ओरडले, "थांबव! चेन फिरवू नको!"

ते सरळ चिखलात गुडघ्यावर बसले, हात कोपरापर्यंत गाडीखाली घातला. "आधी पोट बघ," मला म्हणाले. "पोट टेकलंय. पोट टेकलं की चेन कितीही फिरव, ती फक्त खड्डा खोदते."

त्यांनी सांगितलं तसं आम्ही दोन्ही बाजूंनी गाडीच्या पोटाखाली फावड्याने चर काढले. चिखल गाडीला ओढून धरतो. हवा-पाणी आत शिरलं की पकड सुटते. ते करताना काका पंजाबातल्या खेमकरणचं सांगत होते. त्यांचे उस्ताद १९६५ मध्ये तिथे रिकव्हरीवर होते. असल उत्तरला ८ ते १० सप्टेंबरला पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन आली, पॅटन घेऊन, ९० मिलिमीटरची तोफ, तेव्हाचा आधुनिक रणगाडा. आपण शेतांत पाणी सोडलं होतं. पॅटन रुतले, वळायला जागा शोधत राहिले, आणि उसात दबा धरलेल्या आपल्या सेंच्युरियननी, शर्मननी त्यांना टिपलं. अब्दुल हमीद जीपवरची तोफ घेऊन तिथेच लढले आणि परमवीर चक्राचे मानकरी झाले. लढाई संपली तेव्हा जवळजवळ शंभर पाकिस्तानी रणगाडे त्या शेतांत पडून होते. काही तर धड, चालू स्थितीत. ते ओढून काढायचं काम उस्तादांकडे.

"मग सेंच्युरियन भारी म्हणायचा ना काका?"

"सेंच्युरियन पॅटनपेक्षा जड, पन्नास टनांच्या वर. त्या पाण्यात घातला असता तर तोही बसला असता. पण आपण त्याला घातला नाही. घोड्याच्या नालेच्या आकारात उभा केला आणि त्यांना आत येऊ दिलं." फावड्यावर हात टेकवून ते बोलत होते. "चिखल कुणी निवडला, ते बघ."

रणगाड्यांची तुलना मी आजवर पत्त्यांसारखी करत आलो. याची तोफ एवढी, त्याचं चिलखत एवढं. ते फावड्याशी उभे होते तिथे मला पहिल्यांदा कळलं की पत्त्यांत जमीन नसतेच.

चर झाले. आता ओंडका. टी-५५, टी-७२ च्या मागे आडवा बांधलेला ओंडका फोटोत सगळ्यांनी बघितला असेल. तो काय करतो ते मी त्या दिवशी बघितलं. शेजारी वादळात पडलेला माड होता, मी तो दाखवला. काकांनी बोटाने वाजवला आणि नको म्हणाले. वरून टणक, आतून भुसभुशीत. साखळी आवळली की धागे सुटतील. तिथल्या एका घराच्या पडवीमागे किंदळाच्या झाडाचा ओंडका होता, दीड वितीपेक्षा कमी जाड. "पोटाखालून गेला पाहिजे, त्याहून जाड नको."

ओंडका दोन्ही चेनच्या पुढे आडवा ठेवला, दोन्हीकडे साखळीने चेनच्या पाट्यांना, शूला, आवळला. ऑपरेटर झारखंडचा, विशीतला पोर, घाबरलेला. काका त्याच्या समोर उभे राहिले, दोन्ही हात वर. बोटं हळूहळू स्वतःकडे वळवली. चेन हलली. ओंडका चेनखाली गेला, चिखलात दबला, आणि मग गाडीच त्याच्यावरून चालायला लागली. नाक वर आलं. पोटाखालून चिखल सुटल्याचा आवाज मी विसरणार नाही, ओला गोणपाट फाडल्यासारखा. गाडी आपल्या लांबीइतकी पुढे आली, ओंडका मागे निघाला आणि काकांची मूठ मिटली. थांब. ओंडका चेनबरोबर वर चढला असता तर अंगावरचं लोखंड फाडत गेला असता. सोडला, पुन्हा पुढे बांधला. तिसऱ्या खेपेला गाडी जांभ्याच्या कठीण जमिनीवर आली. साडेबारा वाजले होते. दोन वाजेपर्यंत तो खड्डा पाण्याखाली गेला.

चहा पिताना मी विचारलं, तुमचा आवडता कुठला? विजयंता म्हणतील असं वाटलं होतं. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात बनलेला आपला पहिला, १०५ मिलिमीटरची तोफ. त्याच्या लेलँड इंजिनाशी, सहा सिलिंडर आणि बारा पिस्टन, त्यांनी किती रात्री घालवल्या ते सांगून झालं होतं. टी-७२ म्हणतील असंही वाटलं. त्याची एकच तक्रार त्यांनी केली होती: रिव्हर्सला तासाला चार किलोमीटर, माणूस याहून भरभर चालतो.

ते म्हणाले, "सेंच्युरियनची रिकव्हरी गाडी." बुरूज नाही, तोफ नाही. त्या जागी दोराने ओढणारा विंच, मागे जमिनीत रुतवायचा लोखंडी स्पेड. इंजिन मिटिऑर, विमानाच्या मर्लिन इंजिनाच्या घराण्यातलं. "आम्ही आलो की पोरांचे चेहरे बदलायचे," म्हणाले आणि चहात बघत राहिले.

पैसे घेतले नाहीत. जाताना सांगितलं की पहिला रणगाडा त्यांनी सातव्या वर्षी बघितला, डिसेंबर १९६१ मध्ये, दोडामार्गला. गोव्याकडे जाणारी फौज. १८ तारखेला संध्याकाळी ती बेतीला मांडवीच्या काठी पोचली, हे त्यांना पुढे शाळेत कळलं. तेव्हा मात्र गावची पोरं धावली ती रणगाड्यांच्या मागे नव्हे, चेनने मातीत उमटवलेल्या ठशांत पाय घालून बघायला.

पुढच्या रविवारी मी साखळीला गेलो, टायगरचं मॉडेल कापडात गुंडाळून. काकांनी चष्मा लावला, ते तळहातावर घेतलं, आणि तोफेकडे न बघता आधी उलटं केलं.