तुम्ही विचारलंत म्हणून : त्या लाल औषधाचे नाव

"केमो चालू असताना औषधाच्या नावाचा अर्थ शोधावा, असे तुम्हाला का वाटले?" हा प्रश्न मला अनेकजण विचारतात. स्तनाच्या कर्करोगासाठी मला दर 3 आठवड्यांनी एकदा, असे 4 वेळा जे उपचार मिळाले, त्यांना डे-केअरमधल्या सिस्टर 'एसी' म्हणत. फाइलवर मात्र डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड अशी दोन नावे असत. 'सी' कुठून आला हे उघड होते, पण 'ए'चे औषधच तिथे नव्हते. सिस्टर शिरेवर नजर ठेवून ते लाल औषध सिरिंजने सावकाश सोडत असताना, आपल्या अंगात जाणाऱ्या वस्तूचे नाव तरी आपल्याला पुरते कळावे, असे मला फार तीव्रतेने वाटले.

तो 'ए' ॲड्रिॲटिक समुद्राचा निघाला. 1950 च्या दशकात फार्मइटालिया ही इटालियन कंपनी मातीतल्या सूक्ष्मजीवांमध्ये कर्करोगावरची औषधे शोधत होती. दक्षिण इटलीत, 13 व्या शतकातल्या कास्तेल देल मोन्ते या अष्टकोनी किल्ल्याच्या परिसरातील मातीत तिला लाल द्रव्य तयार करणारा एक जिवाणू सापडला. त्याच सुमारास फ्रेंच संशोधकांनाही तेच द्रव्य मिळाले, म्हणून नावात दोघांचाही वाटा राहिला : त्या भागात रोमनांच्या आधीपासून राहणाऱ्या दौनी लोकांवरून 'दौनो' आणि माणकासाठीच्या फ्रेंच शब्दावरून 'रुबि'. हे झाले डॉनोरुबिसिन. पुढे त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणाने ऑक्सिजनचा एकच अणू जास्त असलेले द्रव्य दिले. त्याला कंपनीने जवळच्या समुद्रावरून ॲड्रियामायसिन म्हटले, आणि नंतर नामकरणाच्या रीतीप्रमाणे ते डॉक्सोरुबिसिन झाले. समुद्र गेला, माणिक राहिले. आणि 'एसी'तल्या 'ए'मध्ये तो समुद्रही टिकला आहे.

हे कळल्यामुळे मळमळ कमी झाली नाही, केसही गेलेच. हे औषध हृदयाला इजा करू शकते, म्हणून माझा इको आधीच काढलेला होता आणि एकूण मात्रेचा हिशोब डॉक्टर ठेवत होते; ती धास्तीही होतीच. पण दुसऱ्या खेपेनंतर लघवी लाल झाली, तेव्हा पहिल्यासारखी मी दचकले नाही. मला ती माती आठवली.

इटलीच्या एक सेंटच्या नाण्यावर तोच किल्ला आहे. भाच्याने तिकडून आणलेले एक नाणे मी माझ्या फाइलच्या पहिल्या कप्प्यात ठेवले आहे.