ली श्यांगलान ते खासदार

आजचा रविवार योशिको यामागुची यांचे आत्मचरित्र वाचण्यात गेला आणि सकाळी ठरवलेली बाकीची कामे तशीच राहिली. १९२० साली ईशान्य चीनमधल्या मांचुरियात जपानी आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या या मुलीला चिनी इतकी अस्खलित येत होती की, तिथल्या जपानी चित्रपटसंस्थेने तिला ली श्यांगलान या नावाने चिनी अभिनेत्री म्हणूनच पडद्यावर आणले. युद्ध संपल्यावर हे सोंग जिवावर बेतले, कारण शांघायमध्ये चिनी नागरिक समजून तिच्यावर देशद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. एका रशियन मैत्रिणीच्या मदतीने कुटुंबनोंदणीचा कागद जपानी बाहुलीत दडवून तिच्यापर्यंत पोहोचला, तेव्हा कुठे ती जपानी असल्याचे सिद्ध होऊन १९४६ मध्ये सुटका झाली. (पटकथेत असे काही आले असते, तर आपण नाक मुरडले असते.)

पुढे हॉलिवूड झाले, दूरचित्रवाणीवरची पत्रकारिता झाली आणि १९७४ पासून १८ वर्षे त्या जपानच्या वरिष्ठ सभागृहात होत्या. मला मात्र त्यांच्या खासदारकीपेक्षा १९८७ चे हे पुस्तक अधिक मोलाचे वाटते. जपानी नायकाने थोबाडीत मारल्यावर त्याच्याच प्रेमात पडणारी चिनी मुलगी त्यांनी १९४० च्या एका चित्रपटात रंगवली होती. चिनी प्रेक्षकांना तो अपमान का वाटला, हे त्या कोणतीही सारवासारव न करता सांगतात. युद्धकाळात जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांसाठी १९९५ मध्ये स्थापन झालेल्या निधीचे उपाध्यक्षपद त्यांनी स्वीकारले, त्यामागेही हीच जाणीव असावी, असे मला वाटते.