मागच्या डाव्या सीटचा आवाज

जुनी महागडी गाडी घेतली की भेटेल तो माणूस तेच विचारतो. ॲव्हरेज किती देते? पार्ट मिळतात का? सनरूफ आहे का? आमच्या गाडीला सनरूफ नाही हे ऐकून नाशिकच्या कॉलेज रोडच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी इतक्या हळहळीने मान हलवली, की मला वाटलं आता खांद्यावर हात ठेवून 'होईल सगळं नीट' म्हणतात की काय. गाडी बीएमडब्ल्यूची पाच सीरिज, 2013 ची, काळी. चेन्नईच्या कारखान्यात जोडलेली, मुंबईत चाललेली आणि नव्या मध्यम गाडीच्या पैशांत आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत येऊन विसावलेली.

हल्लीच्या गाड्या फार बोलतात. शेजारच्यांची नवी एसयूव्ही दार उघडल्याबरोबर स्वागत करते, पट्टा लावा म्हणते, भल्यामोठ्या स्क्रीनवर रंगीत चित्रं काढून आपल्या अंगी काय काय गुण आहेत ते सांगत बसते. आमची मात्र अबोल. विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही, आणि काय विचारायचं ते आपल्याला ठाऊक असायला हवं. पुढच्या खणात माहितीपुस्तक असतं म्हणतात. आमच्या खणात पीयूसीची जुनी प्रमाणपत्रं, टोलच्या फिकट पावत्या आणि सुपारीची एक रिकामी पुडी निघाली.

या अबोलपणाचा खरा आनंद झाला तो नानांना. नाना म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी नाशिक रोडला, नोट प्रेसमध्ये. ही प्रेस 1928 सालची. तिथून निवृत्त झालेला माणूस घरात असला की भाजीवाल्याने दिलेली सुटी नोटसुद्धा उजेडात धरूनच पाकिटात जाते. आमच्या मुलीला त्यांनी चौथीत असताना शिकवलं होतं की नोट डोळ्यांसमोर आडवी धरली की नक्षीत दडलेला आकडा वर येतो, आणि तिरकी केली की हिरवा धागा निळा होतो. "जे सगळ्यांना दिसतं ते नकली करणाऱ्यालाही दिसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. तर असा माणूस या गाडीत मागे डावीकडे जाऊन बसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "हं, आता बघू काय काय लपवलंय."

सुरुवात गाण्यापासून झाली. पुढे बसून गाणं लावावं तर आवाज कुठून तरी लांबून, शेजारच्या फ्लॅटमध्ये लागल्यासारखा. मी आवाज वाढवायची आणि नाना मागून ओरडायचे, "अगं, किती मोठ्याने! लग्नाची वरात आहे का?" गाडी सजवणाऱ्या एका दुकानदाराने पुढचे स्पीकर गेल्याचं निदान तत्काळ केलं. नवा सेट, वर ॲम्प्लिफायर, आणि डिकीत एक वूफर. त्या आकड्यात आमच्या घरचं वर्षाचं किराणा सामान आलं असतं. बोलताना तो माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघत होता. गाडी मी चालवते, नवऱ्याला तिचं डिझेलचं झाकण कुठल्या बाजूला आहे तेही सांगता येणार नाही, पण असो.

गियरशेजारी एक गोल खुंटी आहे, फिरवायची आणि दाबायची. कंपनीने ही पद्धत 2001 मध्ये आपल्या सात सीरिजमध्ये पहिल्यांदा आणली, आणि तेव्हा गाडीवाल्यांनी तिच्या नावाने बोटं मोडली होती म्हणे. ती फिरवत फिरवत आत शिरत गेलं की आवाजाचं पान लागतं, त्यात खर्ज, तारस्वर, डावं-उजवं, पुढे-मागे. पुढे-मागेची खूण पार मागे टेकलेली होती, आणि डावं-उजवं डावीकडे झुकलेलं. म्हणजे स्पीकर ठणठणीत. सगळं गाणं फक्त एका सीटसाठी लावून ठेवलेलं, नाना बसले होते त्या.

मग सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. मागच्या डाव्या सीटचं चामडं मऊ पडून त्याला बारीक सुरकुत्या आलेल्या. तिच्या पुढची सीट शोरूममधून आल्यासारखी कोरी, आणि पाय पसरायला जागा व्हावी म्हणून पार डॅशबोर्डाला भिडवलेली. ड्रायव्हरच्या सीटची मात्र दाराकडची कड घासून पांढुरकी झालेली. तो माणूस दिवसातून किती वेळा घाईने उतरून पलीकडचं दार उघडायला धावत असेल, ते त्या कडेवर लिहिलेलं होतं. मूळ मालक हे गाडीत बसणारे शेठ; गाडी चालवणारा वेगळाच. आरसीवर शेठचं नाव, विम्यावर शेठचं नाव. गाडीची खरी माहिती ज्याला होती त्याचं नाव एकाही कागदावर नाही. गाडी विकली गेली तेव्हा दोन चाव्या आल्या, जॅक आला, आणि जे हातात मुरलेलं होतं ते त्याच्याबरोबर दुसऱ्या कुठल्या तरी गाडीत गेलं.

खूण मी मधोमध आणली. या गाडीत खर्जाचे स्पीकर पुढच्या दोन्ही सीटांच्या खाली बसवलेले असतात, हे तेव्हा कळलं, म्हणजे कानांआधी मांड्यांना कळलं. तबल्याचा बायां घुमला की सीट खालून हलकेच हुंकारते. सासूबाई पहिल्यांदा पुढे बसल्या तेव्हा "अगं, खाली काहीतरी सुटलंय, गॅरेजला दाखव" म्हणाल्या. आणखी एक गंमत म्हणजे गाडीचा वेग वाढला की आवाज आपोआप थोडा वाढतो आणि सिग्नलला थांबलं की उतरतो. किती वाढावा तेही त्याच पानावर ठरवता येतं. त्र्यंबकच्या रस्त्याला लागल्यावर हे फार छान वाटतं. मुंबई नाक्याला मात्र गाडी दर पन्नास फुटांवर थांबते आणि गाणं बिचारं श्वास लागल्यासारखं होतं. तेवढं मी कमी करून टाकलं.

रेडिओखाली एक ते आठ आकड्यांची बटणं आहेत. सगळ्यांना वाटतं ती स्टेशनांची. पण त्यांत काहीही साठवता येतं: स्टेशन, फोन नंबर, नकाशावरचं ठिकाण, नाहीतर आतल्या एखाद्या पानाचा थेट रस्ता. आणि बटण न दाबता त्यावर नुसतं बोट टेकवलं, की त्यात काय आहे ते स्क्रीनवर उमटतं. हा शोध नानांचा. धूळ पुसताना लागला. ते इतके खूश झाले की मुलीला हाक मारून पुन्हा पुन्हा बोट टेकवून दाखवत होते. थेट नोट तिरकी करून दाखवायचे तसा चेहरा.

त्या बटणांत तो ड्रायव्हर भेटला. एकावर 107.1, मुंबईचं आकाशवाणी एफएम, जे आमच्याकडे नुसतं खरखरतं. चारवर शिर्डी. म्हणजे ही गाडी घोटी-सिन्नरवरून कितीदा तरी गेली असणार, आमच्या गावाला वळसा घालून. आणि आठवर थेट आवाजाचं पान. ते मला आधी कळेना. मग उलगडलं: शेठना फोन आला, की वळून न बघता, रस्त्यावरची नजर न काढता, मागचा आवाज झटकन कमी करायची ती सोय. शिकवलेलं नाही, पुस्तकात नाही. नोकरीतून आलेली अक्कल.

आता पार्किंग. चासिस नंबरची शेवटची सात अक्षरं टाकली की गाडी कारखान्यातून काय काय लेवून निघाली त्याची यादी मिळते, कंपनीच्या कोडसकट. ती मुलीने काढली. 676 म्हणजे बरा हाय-फाय स्पीकरसंच, त्याहून भारी तो 688 आपल्याकडे नाही. 508 म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे सेन्सर. मागच्या कॅमेऱ्याचा 3एजी यादीत नव्हता. कॅमेरा नाही! कॉलेज रोडच्या गृहस्थांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

आमच्या सोसायटीत दोन खांबांमधली जागा जेमतेम पाच मीटर आणि गाडी चार पूर्णांक नऊ. मागे भिंत, डावीकडे पाण्याच्या चेंबरचं उंच झाकण. अशा जागी रिव्हर्स टाकला की बीप सुरू होतो, अडथळा जवळ येईल तसा भराभर, आणि फूटभराच्या आत आलं की सलग. हे सगळ्याच गाड्यांत असतं. पण एका संध्याकाळी लक्षात आलं की बीप कधी उजव्या कानामागून येतोय, कधी डाव्या. अडथळा ज्या कोपऱ्यात, त्याच कोपऱ्यातल्या स्पीकरमधून बीप. गाण्याचेच स्पीकर. स्क्रीनवर रंगीत पट्टे दिसतात, पण ते बघायची गरजच उरत नाही. आंधळी कोशिंबीर खेळताना टाळीच्या दिशेने जावं तसं टाळीपासून लांब जायचं. पुढे-मागेची ती खूण मधोमध आणल्यापासून माझे कान गाडीतल्या चारही कोपऱ्यांना सरावले होते म्हणूनच हे जाणवलं, असं मला वाटतं.

बंपरवरच्या त्या गोल टिकल्या, म्हणजे सेन्सर, साधारण चाळीस हजार हर्ट्झच्या वर आवाज काढतात. माणसाचा कान वीस हजारांशी संपतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो, म्हणजे मीटरभरावरच्या भिंतीला आपटून परत यायला त्याला सहा सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यावरून अंतर काढायचं. मांजरांना मात्र याच्याही वरचं ऐकू येतं. आमच्या जागेत भिंतीशी एक पिवळी मांजरी झोपते. मी रिव्हर्स टाकला की पहिला बीप माझ्या कानावर यायच्या आत ती उठून, अंग ताणून, कंटाळलेल्या चेहऱ्याने बाजूला होते. तिला त्या टिकल्यांचा आरडाओरडा थेट ऐकू येत असणार.

चेंबरच्या झाकणाचा प्रश्न मात्र बीपने सुटत नव्हता. बुटकं काही असलं की सेन्सर त्याच्या डोक्यावरून बघतात. बारीक खांब, द्राक्षांचे जाळीचे क्रेट, उतरती कड, यांच्या बाबतीतही त्यांच्यावर विसंबू नये. तिथे आरसा उपयोगी पडतो. दारावर डावा-उजवा आरसा निवडायची छोटी सरकपट्टी असते. ती ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावर ठेवली आणि रिव्हर्स टाकला, की उलट डावा आरसा आपण होऊन खाली झुकतो आणि मागचं चाक, झाकण, त्यांच्यातली चार बोटं जागा, सगळं दाखवतो. रिव्हर्स काढला की पुन्हा मान वर. पट्टी दुसरीकडे असली तर काहीच होत नाही. आता हे कुणाला आपणहून सुचावं? उजवा निवडा म्हणजे डावा वाकेल! पण या गाडीवर आलेली पट्टी उजवीकडेच होती. मी एकदा सहज डावीकडे सरकवून ठेवली होती, आणि आरसा वाकायचा थांबल्यावर मग त्याचं वाकणं कळलं.

गावात यातलं निम्मं निकामी. दहीपूल, सराफ बाजार, मेन रोड इथे पुढचे सेन्सर आणि दुचाकीवाले यांचं जमणं शक्य नाही. रविवार कारंजावर चारही कोपऱ्यांतून एकदम बीप येतात, आणि मग दिशा कसली. तिथे सरळ बटण दाबून गप्प करायचं. गोदाघाटावर गाडी लावायची तर धोका मागच्या भिंतीचा नसतो, गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचा असतो. त्यासाठी पावसाळ्यात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघावं, पाणी त्याच्या कुठवर आलंय त्यावर गाडी हलवायची की नाही ते ठरतं. जर्मनीत हा कोड नसावा.

आणि सोसायटीत वॉचमनकाका. त्यांना या सगळ्याचा मनापासून राग आहे. पूर्वी गाड्या रिव्हर्स घेताना केविलवाण्या सुरात गाणी वाजवायच्या, तेव्हा निदान बाहेरच्याला कळायचं तरी. आता गाडी आतल्या आत बोलते आणि काकांचं कुणी ऐकत नाही. तरी ते येतात, मागे उभे राहतात. "येऊ द्या मॅडम, येऊ द्या, अजून येऊ द्या," आणि मग डिकीवर थाप, "बस्स!" त्यांच्या उभं राहण्यामुळे डावीकडचा बीप सलग वाजत असतो. मी त्यांना सांगितलं, काका, तुम्ही बाजूला झालात तर गाडी मला नीट सांगेल. ते म्हणाले, "गाडीला काय कळतंय, चेंबर मी बसवून घेतलंय."

सध्या घरात बटणांची वाटणी चालू आहे. एकवर नानांनी 101.4, नाशिक आकाशवाणी लावून टाकलं. चारवरची शिर्डी सासूबाईंनी पुसू दिली नाही; वाट सापडलेली आहे तर असू दे म्हणाल्या. आठ नंबर मी आहे तसा ठेवला. राहिलेल्या बटणांपैकी एक नवऱ्याला हवंय. तो शेजारी बसून फोनवर बोलतो आणि बीपमुळे त्याला ऐकू येत नाही, तर बीपचा आवाज कमी करण्याचं जे पान आहे त्याचा थेट रस्ता त्याला एका बटणावर पाहिजे. ते पान कुठे आहे ते मला माहीत आहे. त्याला सांगितलेलं नाही.